‘नाइस’ या एका शब्दावर डिक्शनऱ्या तपासल्या: ओईडी, एटिमऑनलाइन आणि बाकीच्यांचा रिव्ह्यू

डिक्शनरी चांगली की वाईट हे बघायला लोक काय करतात, तर एखादा लांबलचक, कुणीच न वापरणारा शब्द टाकून बघतात आणि तो सापडला की म्हणतात वा, भारी आहे. मला ही पद्धत पटत नाही. अवघड शब्दाला बहुतेक वेळा एकच अर्थ असतो, तो कुठेही मिळतो, त्यात डिक्शनरी बनवणाऱ्याचा कस लागत नाही. कस लागतो तो अशा शब्दाला ज्याचा अर्थ सगळ्यांना माहीत आहे असं सगळ्यांना वाटतं. म्हणून मी ‘नाइस’ घेतला. चार अक्षरांचं इंग्रजी स्पेलिंग, इंग्रजी शिकायला लागलं की पहिल्या काही आठवड्यातच भेटणारं विशेषण, आणि अर्थ विचारला तर कुणीही सांगेल की छान, चांगलं, बरं. आता हा शब्द मुळात मूर्ख माणसासाठी वापरायचे हे सांगितलं की समोरचा दचकतो, आणि मग मूर्खपासून छानपर्यंत तो आला कसा हे ज्या डिक्शनरीला नीट सांगता येतं ती माझ्या लेखी खरी डिक्शनरी.

आधी थोडक्यात शब्दाची गोष्ट सांगते म्हणजे पुढचं कळेल. लॅटिनमधे ‘नेस्किउस’ म्हणजे अजाण, ज्याला काही माहीत नाही असा. ‘ने’ म्हणजे नाही आणि ‘स्कीरे’ म्हणजे जाणणं, आणि याच ‘स्कीरे’पासून दुसऱ्या वाटेने ‘सायन्स’ हा शब्दही आलाय, म्हणजे सायन्स आणि नाइस हे एकाच धातूचे नातेवाईक आहेत. लॅटिनमधून तो जुन्या फ्रेंचमधे गेला, तिथे अर्थ झाला धांदरट, साधाभोळा, बावळट, आणि साधारण १३०० च्या सुमाराला तो इंग्रजीत आला तो हाच अर्थ घेऊन आला. मग पुढच्या पाचशे वर्षात त्याचे अर्थ बदलत गेले. भित्रा, लाजाळू असा झाला, मग चोखंदळ, नखरेल, मग नाजूक, मग बारकाईचा, अचूक, आणि अठराव्या शतकात कुठे तो आवडण्याजोगं, सुखकारक या अर्थाला आला. माणसाबद्दल ‘प्रेमळ, दुसऱ्याचा विचार करणारा’ हा अर्थ तर त्याच्याही नंतरचा.

ओईडी म्हणजे ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी, यापासून सुरू करते कारण बाकी सगळ्यांना मोजायचं माप तीच आहे. पहिला भाग १८८४ साली निघाला, जेम्स मरे तेव्हा संपादक होते, आणि शेवटचा भाग १९२८ मधे आला, तोपर्यंत मरे हयातही नव्हते. १९८९ ची दुसरी आवृत्ती वीस खंडांची, आणि २००० पासून ती ऑनलाइन आहे, तिथेच एकेक नोंद नव्याने तपासून लिहायचं काम अजून चालू आहे. आता ही माहिती कुठेही मिळेल, पण ओईडीची जी मुख्य गोष्ट आहे ती वापरल्याशिवाय कळत नाही. ती अशी की ती तुम्हाला अर्थ सांगून मोकळी होत नाही, पुरावा दाखवते. प्रत्येक अर्थाखाली वाक्यं, प्रत्येक वाक्याला साल, आणि सगळ्यात जुनं वाक्य सगळ्यात वर. हजारो वाचकांनी पुस्तकं वाचून, चिठ्ठ्यांवर वाक्यं उतरवून पोस्टाने पाठवली आणि त्या चिठ्ठ्यांच्या ढिगातून ही डिक्शनरी उभी राहिली. त्यामुळे ‘नाइस’ची नोंद उघडली की पहिल्यांदा भेटतो तो मूर्खवाला अर्थ, आणि आजचा छान हा अर्थ यायला बरंच खाली जावं लागतं. मेलेल्या अर्थांपुढे कट्यारीसारखं एक बारीक चिन्ह असतं, आणि ‘नाइस’च्या नोंदीत ती चिन्हं इतकी आहेत की एवढ्याशा शब्दाने केवढे अर्थ अंगाखांद्यावर घेतले आणि टाकून दिले हे नुसतं स्क्रोल करतानाच दिसतं.

आणि मला या नोंदीतली सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे तिचा प्रामाणिकपणा. ओईडीच्या संपादकांनी तिथे सरळ लिहून ठेवलंय की सोळाव्या-सतराव्या शतकातल्या बऱ्याच वाक्यांमधे लेखकाला यातला नेमका कोणता अर्थ अभिप्रेत होता हे सांगणं अवघड आहे. जगातल्या सगळ्यात मोठ्या इंग्रजी डिक्शनरीने असं म्हणणं याला मी फार मान देते. दुसरी कुणी असती तर प्रत्येक वाक्याला ठोकून ठाकून एका खणात बसवलं असतं.

हे किती खरं आहे ते शेक्सपिअरमधे दिसतं. रोमिओ अँड ज्युलिएटच्या शेवटच्या अंकात फ्रायर लॉरेन्स या पाद्र्याचं पत्र रोमिओपर्यंत पोचत नाही, तेव्हा तो म्हणतो की ते पत्र ‘नाइस’ नव्हतं, महत्त्वाच्या मजकुराचं होतं. आजचा वाचक काय वाचतो, की पत्रात काहीतरी वाईट लिहिलं होतं. पण तिथे नाइसचा अर्थ आहे क्षुल्लक, किरकोळ. पत्र किरकोळ नव्हतं, त्यावर जीव अवलंबून होते. बघा, आजचा अर्थ घातला तरी वाक्य मोडत नाही, ते चालून जातं, आणि म्हणूनच धोका आहे. अनोळखी शब्द आला तर आपण थांबतो, डिक्शनरी उघडतो, पण ओळखीचा शब्द जुन्या अर्थाने आला तर थांबावंसंच वाटत नाही. अँटनी अँड क्लिओपात्रामधे तर अँटनी आपल्या जुन्या दिवसांना ‘नाइस अँड लकी’ म्हणतो आणि तिथे नेमका कोणता नाइस आहे, ऐशआरामाचा, नाजूक की आणखी काही, यावर जाणकारांचंही एकमत नाही. अशा ठिकाणी साधी डिक्शनरी उपयोगाची नाही, तिथे तारखेनुसार लावलेली वाक्यंच लागतात.

ओईडीच्या तक्रारी दोन. एक म्हणजे ती सबस्क्रिप्शनवर चालते. काही युनिव्हर्सिट्या आणि पब्लिक लायब्रऱ्या आपल्या सभासदांना ती वापरायला देतात, तर पैसे भरायच्या आधी आपल्या लायब्ररीत विचारून घ्याच. दुसरी म्हणजे ती दाट आहे. अर्थाच्या पोटात अर्थ, त्याच्या पोटात अजून एक, मधेच संक्षेप, आणि ज्याला फक्त चटकन बघायचंय त्याचं डोकं गरगरतं. २०२३ मधे वेबसाइट नव्याने केली तेव्हा अर्थ, व्युत्पत्ती, उच्चार, वापराचं प्रमाण असे वेगवेगळे टॅब केले, त्याने वाचायला सोपं झालं. तिथूनच हिस्टॉरिकल थिसॉरसमधे जाता येतं, म्हणजे ‘मूर्ख’ या अर्थाचे शब्द कोणत्या शतकात कोणते होते हे ओळीने बघता येतं. ही सोय मला फार मोलाची वाटते आणि ती अजून कुठेच इतकी नीट नाही.

आता एटिमऑनलाइन. पूर्ण नाव ऑनलाइन एटिमॉलॉजी डिक्शनरी, डग्लस हार्पर या माणसाने बनवलेली, फुकट, फोनवर ॲपही आहे. मी लोकांना पहिल्यांदा हीच सांगते कारण ‘नाइस’ टाकला की एका परिच्छेदात सगळा प्रवास मिळतो, लॅटिन, जुनी फ्रेंच, मग एकेक अर्थ आणि त्याचा अंदाजे काळ. आवडण्याजोगं या अर्थाला तिने १७६९ दिलंय आणि प्रेमळ या अर्थाला १८३०. वर ओईडीचा तो ‘सांगणं अवघड आहे’वाला उताराही दिलाय, म्हणजे ज्यांच्याकडे ओईडी नाही त्यांनाही तो वाचायला मिळतो. भाषा स्वच्छ, शब्द तोललेले, आणि एका शब्दावरून त्याच्या नातेवाइकांवर जायला लिंक. रात्री एक शब्द बघायला उघडावं आणि तासभर भटकत राहावं अशी ती जागा आहे.

पण तिच्या सालांचा अर्थ नीट समजून घ्या, इथे लोक फसतात. १७६९ म्हणजे त्या साली कुणीतरी नवा अर्थ काढला असं नाही. त्या अर्थाचं छापील किंवा लिहिलेलं वाक्य तेव्हाचं सापडलंय एवढंच. लोक तोंडी त्याआधीपासून बोलत असणार, आणि उद्या एखादं जुनं पत्र सापडलं तर साल मागे जाईल. दुसरं म्हणजे तिथे ओईडीसारखी वाक्यांची रांग नाही, निष्कर्ष आहे, पुरावा थोडाच आहे. रोजच्या कुतूहलाला पुरेसं आहे, कुणाशी वाद घालायचा असेल तर पुढे जावं लागतं.

पुढे म्हणजे कुठे, तर मिडल इंग्लिश डिक्शनरी, म्हणजे मध्ययुगातल्या इंग्रजीची. ही मिशिगन युनिव्हर्सिटीची, जवळपास पाऊण शतकाचं काम, २००१ मधे पूर्ण झालं आणि आता ऑनलाइन कुणालाही फुकट. ही फारशी कुणाला माहीत नाही याचं मला खरंच वाईट वाटतं. ‘नाइस’चा मूर्खपणाचा काळ बघायचा असेल तर याहून चांगली जागा नाही, कारण बाराव्या ते पंधराव्या शतकातली वाक्यं इथे ढिगाने आहेत, चौदाव्या शतकातला इंग्रजी कवी चॉसर, त्याची तर भरपूर. आणि चॉसरचं एक वाक्य मला सगळ्यांना दाखवावंसं वाटतं. १३८० च्या दशकातल्या ‘ट्रॉयलस अँड क्रिसेड’ या काव्यात तो म्हणतो की बोलण्याची रूपं हजार वर्षात बदलतात, आणि ज्या शब्दांना एके काळी मोल होतं ते आता आपल्याला ‘नाइस आणि विचित्र’ वाटतात, पण त्या काळची माणसं तसंच बोलायची. इथे नाइस म्हणजे खुळचट. शब्द बदलतात हे सांगताना त्याने जो शब्द वापरला तोच शब्द पुढे इतका बदलला की ती ओळ आता आपल्याला टिपेशिवाय कळत नाही. हे वाचून माझ्या अंगावर काटा आला होता. वापरायला ही साइट थोडी जुनाट वाटते, स्पेलिंग त्या काळचं आहे, ‘नाइस’ तिथे वाय घालूनही लिहिलेला भेटेल, पण सर्चमधे वेगवेगळी स्पेलिंगं चालतात त्यामुळे अडत नाही.

मधला काळ बघायला सॅम्युअल जॉन्सनची १७५५ ची डिक्शनरी, तीही ऑनलाइन वाचायला मिळते. जॉन्सनचा ‘नाइस’ सुरू होतो तो बारीकसारीक गोष्टीतही अचूक पारख असणारा या अर्थाने. म्हणजे अठराव्या शतकाच्या मध्यावर एका मोठ्या विद्वानाच्या मते नाइस माणूस म्हणजे काटेकोर माणूस. ही नोंद वाचली की कायद्याच्या लिखाणात अजून दिसणारा ‘नाइस पॉइंट’ म्हणजे छान मुद्दा नसून सूक्ष्म, तोलून बघायचा मुद्दा हे आपोआप कळतं, आणि ‘नाइसिटी’ या नामात बारकाव्याचा अर्थ का टिकून राहिला तेही.

इथे जेन ऑस्टिनला आणल्याशिवाय राहवत नाही. तिच्या ‘नॉर्थेंगर ॲबी’ या कादंबरीत कॅथरीन एका पुस्तकाला नाइस म्हणते आणि हेन्री टिल्नी तिची फिरकी घेतो, की हा शब्द आता कशालाही चालतो, पूर्वी म्हणे तो फक्त नीटनेटकेपणा, शालीनता, नाजूकपणा, सुसंस्कृतपणा यासाठी होता. पुस्तक १८१७ च्या शेवटी आलं पण लिहिलं गेलं अठराव्या शतकाच्या अखेरीस, म्हणजे नवा अर्थ तेव्हा ऐन जोरात होता. हा प्रसंग नेहमी शुद्धतेच्या बाजूने सांगितला जातो, पण डिक्शनरी शेजारी ठेवून वाचा. हेन्री ज्याला मूळ अर्थ म्हणतो तो मूळ नाहीच, तो मधला एक मुक्काम आहे, त्याच्या आधी हा शब्द मूर्ख म्हणून हिंडत होता. जो कुणी ‘खरा अर्थ’ म्हणून दाखवतो तो बहुतेक वेळा आपल्या आजोबांच्या वेळचा अर्थ दाखवत असतो. १९२६ मधे फाउलर या कोशकारानेही इंग्रजीच्या वापरावरच्या आपल्या कोशात तक्रार केली की या शब्दाचं सगळं स्वत्व गेलं आणि नुसता गुळमुळीत गोडवा उरला, आणि त्याचं खापर बायकांवर फोडलं. गुळमुळीतपणाची तक्रार मला अर्धी मान्य आहे, खापर अजिबात मान्य नाही.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे हल्ली फिरणारी ती पोस्ट, की नाइसचा मूळ अर्थ मूर्ख, म्हणून कुणी तुम्हाला नाइस म्हटलं तर खूश होऊ नका. हे चूक आहे. शब्दाचा उगम आणि शब्दाचा अर्थ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, अर्थ ठरतो तो आज बोलणारे लोक तो कशासाठी वापरतात यावर. तसंच तर ‘सिली’ म्हणजे मुळात सुखी, धन्य, ‘प्रिटी’ म्हणजे मुळात कावेबाज. ‘प्रिटी’ खालून वर चढला, ‘सिली’ वरून खाली आला, आणि चांगली डिक्शनरी हा चढउतार दाखवते, त्यावरून कुणाला बोलणी खायला लावत नाही. आणि फ्रान्समधल्या नीस शहराचं स्पेलिंग तेच असलं तरी त्याचा याच्याशी काही संबंध नाही, ते नाव ग्रीक ‘निकाइआ’वरून आलंय, विजयाच्या देवीवरून.

आता वापराकडे येते, कारण उगम कितीही रंजक असला तरी ईमेल लिहिताना त्याचा उपयोग नाही. त्यासाठी शिकणाऱ्यांच्या डिक्शनऱ्या, केंब्रिज, लाँगमन, ऑक्सफर्ड ॲडव्हान्स्ड लर्नर्स, आणि या तिन्ही ऑनलाइन फुकट आहेत. यांची मांडणी ओईडीच्या उलट, सगळ्यात जास्त वापरला जाणारा अर्थ आधी. ऑक्सफर्ड लर्नर्स शब्दाची पातळी सांगते, नाइस अर्थातच ए१, म्हणजे अगदी पहिली पायरी. लाँगमनमधे बोलण्यातला आणि लिहिण्यातला वापर वेगळा दाखवतात आणि ही माहिती सोन्याची आहे, कारण नाइस हा मुळात बोलण्यातला शब्द आहे. केंब्रिज मला सगळ्यात आवडली कारण तिने सूक्ष्म फरकाच्या अर्थाला वेगळा मथळा दिलाय आणि उदाहरणही नेमकं निवडलंय, एक मंत्री ‘खोटं’ आणि ‘असत्य’ यात नाइस फरक करतो ते. ते वाक्य एकदा वाचलं की अर्थ विसरत नाही.

या डिक्शनऱ्यांमधे ज्या गोष्टी शोधायला हव्यात त्या मी इथेच सांगते. ‘नाइस अँड वॉर्म’ हे खोलीच्या नंतर येतं, म्हणजे खोली नाइस अँड वॉर्म आहे असं म्हणता येतं, पण खोलीच्या आधी घालायचं तर अँड जातं, ‘अ नाइस वॉर्म रूम’. आणि या जोडीत नाइस हे वॉर्मचं बळ वाढवतं, मस्त उबदार असं, स्वतःचा वेगळा अर्थ फारसा ठेवत नाही. विशेषणांची रांग असेल तर नाइस बहुतेक सगळ्यात पुढे कारण ते मत आहे, रंग आकार वगैरे नंतर. ‘नाइस टू मीट यू’ पहिल्या भेटीत, आणि ‘नाइस मीटिंग यू’ निरोप घेताना, हा फरक किती जणांना कुणी सांगितलेलाच नसतो. ‘नाइस ऑफ यू’ म्हणजे तुम्ही हे केलंत हा तुमचा चांगुलपणा. आणि मोठा घोटाळा झाल्यावर ‘नाइस मेस’ म्हटलं तर तिथे कौतुक नाही, उलट आहे, सूर ऐकल्याशिवाय कळत नाही आणि कागदावर सूर ऐकू येत नाही म्हणून डिक्शनरीने तसं लिहायला हवं, चांगल्या डिक्शनऱ्या लिहितात. शिफारसपत्रात ‘शी इज नाइस’ लिहू नका, त्यातून वाचणाऱ्याला काहीच मिळत नाही, तिथे माणूस नेमका कसा आहे ते सांगणारं विशेषण हवं. पण घरच्या पत्रात, बोलण्यात नाइस अजिबात टाळू नका, शाळेतल्या बाई लाल शाईने खोडायच्या म्हणून आयुष्यभर घाबरायचं कारण नाही.

एक फुकटचं ॲपही वापरून बघितलं, नाव सांगत नाही कारण तसली ॲपं पुष्कळ आहेत. त्यात व्युत्पत्तीच्या जागी ‘फ्रेंचमधून’ एवढंच, आणि समानार्थी शब्दांत अचूक, गोड, चोखंदळ, प्रेमळ सगळे एका ओळीत, कोणता जुना, कोणता औपचारिक याची काही खूण नाही. त्यावर विसंबून कुणी ‘प्रिसाइस’च्या जागी बिनधास्त ‘नाइस’ लिहिलं तर वाचणारा चक्रावेल. यापेक्षा डिक्शनरी नसलेली बरी.

गूगलचा एनग्राम व्ह्यूअर डिक्शनरी नाही, पण पूरक म्हणून ठेवा. शतकानुशतकं छापील पुस्तकांत शब्द किती आला याची रेघ दिसते. फक्त ती रेघ अर्थ सांगत नाही, अचूकवाला नाइस आणि छानवाला नाइस तिथे एकच, आणि जुन्या छपाईतला लांब एस मशीन एफ म्हणून वाचतं, त्यामुळे ‘सिली’ शोधताना अठराव्या शतकात उगाच ‘फिली’ उगवतात. शेजारी शेजारी शब्द घालून बघायला, उदाहरणार्थ ‘नाइस डिस्टिंक्शन’ आणि ‘नाइस डे’, मात्र उत्तम.

तर कुणी काय वापरावं. इंग्रजी शिकत असाल तर केंब्रिज, आणि शब्द बोलण्यातला की लिहिण्यातला हे बघायला लाँगमन. शब्दांची नुसती आवड असेल तर एटिमऑनलाइन, ती पुरते. जुनं साहित्य वाचत असाल तर मिडल इंग्लिश डिक्शनरी आणि जॉन्सन दोन्ही बुकमार्क करा, या दोन्ही मिळून ‘नाइस’चा बराचसा प्रवास पैसे न भरता हाताशी येतो. अनुवाद करणारे, संपादन करणारे, शिकवणारे असाल आणि लायब्ररीतून मिळत नसेल तर ओईडीचं सबस्क्रिप्शन घ्या, मी घेतलंय आणि दरवर्षी रिन्यू करते.